फोटो चांगला आलाय, पण आपला वाटत नाही? या चुका टाळा

पावसाळ्यातल्या कुठल्याही रविवारी संध्याकाळी बेळगावकरांच्या मोबाईलवर ठरलेले फोटो येतात. समोरून गोकाकचा धबधबा, राजहंसगडावरून खालचं शिवार, चोर्ला घाटातलं वळण. सगळे शार्प, सगळे हिरवेगार. आणि काढणाराच हळहळतो, "तिथं जे वाटलं ते यात आलंच नाही." त्यासाठी नवा कॅमेरा घेऊ नका. चूक बहुतेक वेळा बटण दाबायच्या आधीच होऊन गेलेली असते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे जागेच्या नावाचा फोटो काढणं. गोकाकला घटप्रभा सुमारे 170 फूट खाली कोसळते म्हटल्यावर तेवढं सगळं चौकटीत कोंबायचा मोह होतोच. पण तुमचे पाय कशानं थबकले? पाण्याच्या गढूळ तांबड्या रंगानं, त्याच्या जोरानं, की तोंडावर आलेल्या तुषारांनी? जोर दाखवायचा तर शटर, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड आत घेणारी झडप, 1/1000 सेकंदच उघडी ठेवा, थेंब न् थेंब सुटा दिसेल. पाण्याचा संथ पदर हवा असेल तर ट्रायपॉड लावून अर्धा सेकंद. हे ठरल्याशिवाय सेटिंगला हात लावून काय उपयोग?

मला हे येळ्ळूरच्या शिवारात कळलं. तीन पावसाळे मी तिथं रोपलावणीचे फोटो काढत होतो. वाकलेल्या बायका आणि मागं राजहंसगड, दरवेळी तसाच. एकदा बांधावर बसलेल्या मावशींनी विचारलं, "कसला फोटो काढूलालास गा?" उत्तर देताना माझ्या तोंडून निघून गेलं, "त्या पावलाच्या ठशात आभाळ पडलंय बघा." तोवर मी त्या ठशाकडं कॅमेरा वळवलाच नव्हता. मग गुडघे चिखलात टेकले. टाचेच्या खळग्यात बोटभर पाणी, त्यात सुटून पडलेलं भाताचं एक रोप, आणि रोपाच्या पलीकडं पांढऱ्या ढगाचा तुकडा. आज घराच्या भिंतीवर तोच फोटो आहे. तेव्हापासून मी आधी एक वाक्य मनात म्हणतो, मग कॅमेरा उचलतो. त्या वाक्यात गावाचं नाव घ्यायचं नाही, एवढा एकच नियम.

दुसरी चूक, उजेडाचा निर्णय कॅमेऱ्यावर सोडणं. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी करायला बघतो. म्हणून जांबोटी-कणकुंबी रस्त्यावरचं दुधाळ धुकं फोटोत मळकं येतं. एक्सपोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो उजळ-गडद करायची सोय, +1 करा. मोबाईलवर बोट दाबून धरा आणि उजेडाची खूण वर सरकवा. दाट झाडीतली संध्याकाळ असेल तर उलट -1, नाहीतर ज्या अंधारासाठी थांबलात तोच उडून जातो. रंगांची छटा ठरवणारा व्हाइट बॅलन्सही ऑटोवरून काढून डेलाइटवर ठेवा. ऑटो तिन्हीसांजेची निळाई "दुरुस्त" करून टाकतो.

लेन्सवर लावायचा पोलरायझर फिल्टर ओल्या पानांवरची चकाकी काढतो, ठीक. पण पाण्यातलं प्रतिबिंबही पुसू शकतो. माझ्या त्या ठशातलं आभाळ त्यानं गेलंच असतं.

फोटो नंतर सुधारताना रंग भडक करणारा सॅच्युरेशनचा स्लायडर तर जपूनच. खानापूर तालुक्यात जूनमध्ये नुसत्या हिरव्याच्याच किती छटा असतात! कोवळ्या भाताची पोपटी, फणसाची काळपट, सागाच्या नव्या पानाची तांबूस झाक. स्लायडर ओढला की सगळ्यांवर एकच रंग फासला जातो आणि जांभ्याची माती नारिंगी होते.

दुर्मिळ विषयाच्या मागं धावणं हीही चूकच. खानापूर तालुक्यातलं भीमगडचं जंगल 2011 मध्ये अभयारण्य झालं. तिथल्या बारापेडे गुहांतली वटवाघळं दुर्मिळ आहेत. फ्लॅशसाठी त्यांची झोप मोडू नका. आल्फ्रेड स्टिग्लिट्झ या अमेरिकी छायाचित्रकारानं 1922 पासून कित्येक वर्षं नुसते ढग टिपले. ढग सगळ्यांच्याच डोक्यावर असतात. आपल्या अनुभवाला तोलून धरणारी चित्रं म्हणून त्यानं त्यांच्याकडं पाहिलं. तुमच्या परड्यातली केळीची फाटकी पानंही तेवढीच खोल जाऊ शकतात.

शेवटची चूक घाईची. घरी येऊन लगेच फोटो निवडू नका. पंधरा दिवस जाऊ द्या, तोवर ते वाक्य वहीत लिहून ठेवा. नंतर फोटो आणि वाक्य शेजारी ठेवून बघा. जुळत नसेल तर त्याच जागी पुन्हा जा. कणकुंबीच्या धुक्यात ऐकलेल्या गुरांच्या घंटांचं एक वाक्य माझ्या वहीत दोन वर्षं फोटोवाचून पडलंय. यंदा पहिला पाऊस झाला की निघणार आहे.