पाखरांना दाणे घालताना या चुका टाळा

पेरणीतून उरलेलं बियाणं पाखरांपुढे टाकणं ही सगळ्यात घातक चूक, आणि दर पावसाळ्यात ती कुणीतरी करतंच. पाकिटातली बाजरी गुलाबी, लाल किंवा निळी दिसते, कारण तिला बुरशीनाशक चोळलेलं असतं, बऱ्याचदा कीटकनाशकही. शेजारच्या काकांनी अशी अर्धी पिशवी गच्चीवर पसरली, 'वाया कशाला घालवायची' म्हणून. दुपारी दोन होले कठड्याशी पिसं फुलवून बसलेले, जवळ गेलं तरी उडेनात. संध्याकाळपर्यंत दोन्ही गेले. 'अहो, धुऊन घातली होती,' काका म्हणाले. धुतल्याने रंग उतरतो, विष राहू शकतं. चिमणीचं वजन जेमतेम २५-३० ग्रॅम, तिला किती लागणार? पिशवीवर 'खाण्यासाठी वापरू नये' असं छापलेलं असतं. ते वाचायला अर्धा मिनिट पुरतो.

घरच्या साठवणीचंही तेच. बोरिक पावडर किंवा पाऱ्याच्या गोळ्या घातलेली ज्वारी बाहेर ठेवू नका. पोरकिडे झालेली मात्र खुशाल घाला, पाखरं किड्यांसकट खातात. बुरशीचा वास आला तर सरळ कचऱ्यात.

मका, हरभरा, अख्खा गहू घातला की कबुतरं येतात आणि जागा बळकावतात. त्यांच्या विष्ठेने फुप्फुसाचे आजार होतात. मुंबईत २०२५ मध्ये कबुतरखान्यांवरून वाद कोर्टात गेला तो याच कारणाने. मी बाजरी, राळा आणि तांदळाची कणी एवढंच ठेवते. चिमण्या, मुनिया, होले तिन्ही खातात. बाजरी कबुतरांनाही आवडते, म्हणून सकाळी मूठभरच, तीही आखूड दांडीच्या टांगत्या फीडरमध्ये. तयार मिश्रणं मी घेत नाही. पाखरं आवडीचे दाणे वेचतात, बाकीचे खाली सांडून कुजतात.

फरसाण, शेव, खारे शेंगदाणे अजिबात नकोत.

पावसाळ्यात भिजलेले दाणे रोज संध्याकाळी झाडून टाका.

बुलबुल येत नाही म्हणून धान्य बदलत बसू नका, त्याला फळं आणि किडे हवेत. आणि चार दिवसांत चिमणी दिसली नाही की फीडर दुसऱ्या खिडकीत हलवणाऱ्यांना काय सांगावं! नवी वस्तू पाखरं लांबून निरखतात. जागा न बदलता तीन-चार आठवडे थांबा.

शेवटचं, चिमणी पिल्लांना मुख्यतः किडे-अळ्याच भरवते. फीडरजवळच्या कुंड्यांवर कीटकनाशक फवारू नका. मावा पडला तर मी साबणाच्या पाण्याने पानं पुसून घेते.