मधुमेहात मेथी, कारले आणि जांभूळबी वापरताना

मधुमेहाचे निदान झाल्याचे कळले की नात्यातले आणि शेजारपाजारचे प्रत्येक जण एकेक वनस्पती सुचवतात, आणि पाहता पाहता सकाळी कारल्याचा रस, दुपारी जांभूळबीचे चूर्ण, रात्री गुळवेलीचा काढा असा क्रम सुरू होतो. मग साखर खाली आली तर ती कशामुळे आली आणि त्रास झाला तर तो कशाचा झाला, हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून एका वेळी एकच वनस्पती घ्यावी, ती चालू औषधाच्या जोडीला घ्यावी आणि सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांच्या कानावर घालावी. गोळ्या किंवा इन्सुलिन सोडण्यासाठी या वनस्पती नाहीत. टाइप १ मधुमेहात, म्हणजे शरीर स्वतः इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही अशा प्रकारात, तर इन्सुलिन थांबवणे थेट जिवावर बेतते.

सुरुवात मेथीपासून करणे मला सर्वांत रास्त वाटते, कारण ती स्वयंपाकघरातलीच आहे आणि ती काय करते हे बऱ्यापैकी उलगडलेले आहे. एक चहाचा चमचा दाणे, म्हणजे साधारण ४ ग्रॅम, निवडून व धुऊन अर्धा कप पाण्यात रात्री भिजत घालावेत. सकाळी ते टपोरे फुगलेले असतात आणि एखादा दाणा चिमटीत चोळला की बोटांना बुळबुळीत थर लागतो. हा चिकटा म्हणजे गॅलॅक्टोमॅनन नावाचा विद्राव्य तंतू; पोटात तो दाट होतो आणि अन्नातली साखर रक्तात उतरण्याचा वेग मंदावतो. त्यामुळे दाणे टाकून नुसते पाणी पिण्यात मेथीचा मुख्य भागच वाया जातो. दाणे चावून खावेत. कडूपणा सोसत नसेल तर वाटून ताकात घालावेत. आठवडाभर पोटाने साथ दिली, गॅस किंवा जुलाब झाले नाहीत, तर दोन चमच्यांपर्यंत जावे, त्यापुढे आपल्या मनाने जाऊ नये. गरोदर स्त्रियांनी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि शेंगदाणा किंवा हरभऱ्याची ॲलर्जी असलेल्यांनी आधी विचारल्याशिवाय ही मात्रा घेऊ नये.

मोजमापाशिवाय यातले काहीही करू नये. मेथी सुरू करण्याआधी आठवडाभर, नेहमीच्याच न्याहारीनंतर दोन तासांनी, ग्लुकोमीटरवर साखर तपासून वहीत लिहावी आणि नंतरही त्याच वेळी, तशाच न्याहारीनंतर तपासावी. आज भाकरी आणि उद्या साबुदाण्याची खिचडी खाऊन घेतलेल्या आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही. खरा निवाडा तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी तपासणीच देते.

कारल्याची भाजी खुशाल खावी. रसाबाबत मात्र अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. जांभूळबी सावलीत वाळवून, कुटून, वस्त्रगाळ करून ठेवण्याची रीत जुनी आहे, परंतु माणसांवरचा तिचा पुरावा अजून तोकडा आहे. गुडमार या औषधी वेलीचे पान चावल्यावर जिभेवर ठेवलेली साखर काही काळ वाळूसारखी बेचव लागते. पण तो परिणाम जिभेवरचा आहे, तेवढ्याने रक्तातली साखर उतरली असे समजू नये. गुळवेल नेमाने घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहे, तेव्हा यकृताचा आजार असलेल्यांनी तिच्यापासून दूरच राहावे. बाजारातल्या बिननावाच्या पुड्या तर घेऊच नयेत, कारण ‘शुद्ध वनौषधी’ म्हणून विकल्या गेलेल्या काही चूर्णांत साखर उतरवणारी ॲलोपॅथिक औषधे गुपचूप मिसळलेली आढळली आहेत.

दुधीचा रस घेणाऱ्यांनी प्रत्येक फळाचा छोटा तुकडा आधी जिभेला लावून पाहावा. तो कडू लागला तर लगेच थुंकून अख्खा दुधी टाकून द्यावा. त्या कडवटपणामागे कुकुर्बिटासिन हे विष असते आणि असा रस प्यायल्याने आपल्या देशात मृत्यू झाले आहेत.

ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना वनस्पतीची भर पडली, तर साखर प्रमाणाबाहेर उतरू शकते. हातपाय थरथरणे, दरदरून घाम, एकाएकी भूक किंवा गोंधळल्यासारखे वाटणे अशी लक्षणे दिसली आणि मीटरवर ७० च्या खाली आकडा आला, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यावी व पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. आकडा चढला नाही तर पुन्हा तेवढीच साखर घ्यावी. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता त्याला ताबडतोब रुग्णालयात न्यावे, आणि कोणती वनस्पती किती दिवस चालू होती हे तिथल्या डॉक्टरांना आवर्जून सांगावे.