पाण्यातल्या सूक्ष्मजीवांचं मॉडेल करताय? या चुका टाळा

मॉडेल चालतं, आलेख निघतो, आणि मग लक्षात येतं की प्लवकांचा (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांचा) बहर महिनाभर उशिरा आलाय, किंवा अमोनियम इतकं साचलंय की खुल्या समुद्रात कुणी कधी मोजलेलं नसेल. अशा वेळी बहुतेकांचा हात नवा घटक घालण्याकडे जातो. एक जिवाणूगट वाढवा, विषाणू घाला, लोहाची मर्यादा लावा. आलेख जरा वळणावर येतो आणि मूळ चूक आणखी एक थर खाली गाडली जाते. जीवशास्त्राला दोष देण्याआधी अणूंचा जमा-खर्च तपासावा, असं माझं ठाम मत आहे. नायट्रोजन खाल्ला जातो, बाहेर टाकला जातो, गाळात बसतो, वायू होऊन उडून जातो. नाहीसा होत नाही. मॉडेलमध्ये मात्र तो सर्रास नाहीसा होतो, आणि कधीकधी आपोआप पैदाही होतो.

बेरीज न तपासणं

सगळ्यात सोपी चाचणी, आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी. नदीचं पाणी, तळाशी बसणं, हवेशी देवाणघेवाण असं सगळं बंद करा. आता मॉडेल म्हणजे झाकण लावलेला डबा झाला. विरघळलेला, वनस्पतीप्लवकांतला, प्राणीप्लवकांतला, जिवाणूंतला आणि मृत कणांतला नायट्रोजन प्रत्येक पावलाला (मॉडेल एका वेळी काळ जितका पुढे सरकवतं तेवढा टप्पा) मिळवून छापा. शंभर दिवसांनी ही बेरीज पहिल्या दिवसाइतकीच यायला हवी, अगदी आठव्या-दहाव्या दशांश स्थळापर्यंत. ‘जवळपास सारखी’ येत असेल तर कुठेतरी गळती आहे.

गळतीच्या जागा बहुधा ठरलेल्या असतात. प्राणीप्लवकांनी १ मिलिमोल (अणू-रेणूंची संख्या मोजायचं एकक) खाल्लं, त्यातलं ०.७ अंगी लागलं असं लिहिलं, पण उरलेल्या ०.३ चं काय झालं ते लिहायचं राहिलं. मृत्युदर वजा केला, पण मेलेला माल कुठल्याच खात्यावर जमा केला नाही. विनायट्रीकरणात नायट्रेटचा नायट्रोजन वायू होतो, तो खरोखरच बाहेर जातो. तरी त्याचंही एक खातं ठेवा, नाहीतर खरी गळती आणि प्रक्रिया यांत फरक कळणार नाही. ऑक्सिजन मॉडेलमध्ये असेल तर त्याचीही बाजू बघा: अमोनियमच्या एका रेणूचं नायट्रेट व्हायला ऑक्सिजनचे दोन रेणू लागतात. एका ग्रॅम नायट्रोजनमागे हे साडेचार ग्रॅमपेक्षा थोडं जास्त भरतं. तळ्याच्या खालच्या थरात ऑक्सिजन भलताच टिकून राहत असेल तर आधी हीच ओळ उघडून पाहा.

उणे नायट्रेट, आणि त्यावरचा चुकीचा उपाय

हा आजार सविस्तर बघण्यासारखा आहे. समजा पाण्यात नायट्रेट ०.०५ मिलिमोल प्रति घनमीटर उरलंय, प्लवकांत २ मिलिमोल नायट्रोजन आहे, वाढीचा कमाल दर दिवसाला १.५ आणि अर्धसंपृक्तता स्थिरांक (ज्या पातळीला वाढ कमाल दराच्या निम्मी होते ती पातळी) ०.१. मोनोच्या सूत्राने (कमाल दर × प्लवक × नायट्रेट ÷ (नायट्रेट + स्थिरांक)) शोषण येतं दिवसाला १ मिलिमोल. टाइम स्टेप ०.१ दिवसाची, म्हणजे सुमारे अडीच तासांची ठेवली, तर एका पावलात ०.१ मिलिमोल काढून घेतलं जाईल. होतं ०.०५, झालं उणे ०.०५. पुढच्या पावलात सूत्राचा अंश उणे आणि छेद ०.०५, म्हणून शोषणाची दिशाच उलटते. प्लवक नायट्रेट ओकू लागतात आणि ते एका फटक्यात ०.२७ च्या आसपास जातं. चुकून नेमकं उणे ०.१ झालं तर छेद शून्य आणि प्रोग्राम आडवा.

यावर हमखास केला जाणारा उपाय म्हणजे ‘शून्याखाली गेलं तर शून्य धर’. दिसायला आलेख लगेच सुधारतो. पण वरच्या उदाहरणात प्लवकांच्या खात्यावर ०.१ जमा झालेलं आहे आणि पाण्यातून प्रत्यक्षात ०.०५ च गेलंय. म्हणजे उरलेलं ०.०५ आपण हवेतून निर्माण केलं. उन्हाळ्यात पृष्ठभागावर नायट्रेट सतत तळाला टेकलेलं असतं, त्यामुळे ही बनावट भर दर पावलाला पडत राहते, आणि वर्षअखेरीस मॉडेल एखादी अदृश्य नदी येऊन मिळत असल्यासारखं वागतं. मग कुणीतरी म्हणतं, उत्पादन जास्त येतंय, वाढीचा दर कमी करूया.

योग्य उपाय दोन. एक, पाऊल लहान करा. पाऊल निम्मं केल्यावर उत्तर बदलत असेल तर आधीचं पाऊल मोठंच होतं. दुसरा जास्त टिकाऊ. या पावलात जायचं प्रमाण (०.१) भागिले हाताशी असलेलं (०.०५) म्हणजे २, त्यात १ मिळवून आलेल्या ३ ने जुन्या नायट्रेटला भागायचं. उरतं ०.०१७, आणि जे ०.०३३ गेलं तेवढंच प्लवकांना द्यायचं. आकडा कधीच उणे होत नाही आणि बेरीजही जुळते. सुहास पाटणकरांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतींचा गाभा हाच आहे; मूळ उष्णतावहनाच्या गणितासाठी काढलेली ही युक्ती प्लवकांच्या मॉडेलांत चांगली रुळली आहे.

पेशी मोजल्या, पण मिलिमोलमध्ये आणल्याच नाहीत

सूक्ष्मदर्शकवाले पेशी प्रति मिलिलिटर देतात, रसायनवाले मायक्रोमोल प्रति लिटर, उपग्रहवाले मिलिग्रॅम क्लोरोफिल. हजाराने गुणायचं की भागायचं यात चूक झाली तर निदान ती आकड्यावरून ओरडून सांगते. बाराने किंवा चौदाने (कार्बन आणि नायट्रोजनच्या अणुभाराने) झालेली चूक मात्र गप्प बसते, कारण तेवढा फरक पॅरामीटर ओढूनताणून लपवता येतो.

एकदा हाताने करून बघा. पृष्ठभागाजवळच्या समुद्रात जिवाणू साधारण १० लाख प्रति मिलिलिटर, म्हणजे लिटरला १०० कोटी. एका पेशीत २० फेम्टोग्रॅम (मायक्रोग्रॅमचा शंभर कोटीवा भाग म्हणजे एक फेम्टोग्रॅम) कार्बन धरला तर लिटरला २० मायक्रोग्रॅम, किंवा घनमीटरला २० मिलिग्रॅम. बाराने भागून १.७ मिलिमोल कार्बन. जिवाणूंचं कार्बन-नायट्रोजन गुणोत्तर ५ धरलं तर नायट्रोजन ०.३३ मिलिमोल. तुमच्या मॉडेलमध्ये जिवाणूंचा साठा ४ मिलिमोल नायट्रोजन दाखवत असेल तर बाराने भागायचं राहून गेलंय का ते आधी बघा. आणि हेही ध्यानात असू द्या की २० हा आकडा दगडावरची रेघ नाही. खुल्या समुद्रातल्या बारीक पेशींत कार्बन याहून बराच कमी असतो.

दुसऱ्याच पाण्यातला स्थिरांक उचलणं

अमोनियम साचण्याची तक्रार इथूनच येते. नायट्रीकरण (अमोनियमचं नायट्रेट करणं) करणाऱ्या जिवाणूंचे स्थिरांक पूर्वी मुख्यतः प्रयोगशाळेतल्या संवर्धनात वाढणाऱ्या, भरपूर अमोनियमवर पोसलेल्या जातींवरून घेतले गेले. नंतर २००५ मध्ये नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस हा आर्किया (जिवाणूंसारखा दिसणारा, पण वेगळ्या गटातला सूक्ष्मजीव) एका मत्स्यालयातून वेगळा केला गेला, आणि त्याची अर्धसंपृक्तता लिटरला सुमारे ०.१३ मायक्रोमोल निघाली. संवर्धनातल्या त्या जिवाणूंचा आकडा याच्या शेकडो पट आहे. फरक काय पडतो? पाण्यात अमोनियम ०.३ असेल आणि स्थिरांक ५० घेतला, तर प्रक्रिया कमाल वेगाच्या अर्धा-पाऊण टक्क्याने चालेल. ०.१३ घेतला तर ७० टक्क्यांनी. प्रक्रिया तीच, सूत्र तेच, उत्तर शंभरपटीहून जास्त वेगळं.

याच्याच जोडीचा एक घोळ. पोषकद्रव्य फारच कमी असेल तेव्हा मोनोच्या सूत्रात कमाल दर आणि अर्धसंपृक्तता यांचं फक्त गुणोत्तर कामाला येतं. दोन्ही दुप्पट करा, आलेख जवळजवळ हलणार नाही. म्हणून उन्हाळ्यातल्या मोजमापांवर दोन्ही पॅरामीटर एकाच वेळी बसवायला गेलात तर संगणक काहीतरी दोन आकडे देईल. त्या आकड्यांना अर्थ नसेल. एक साहित्यातून घ्या, दुसरा बसवा.

जिवाणू म्हणजे नुसता विघटनाचा दर नव्हे

बऱ्याच साध्या मॉडेलांत मृत कणांतून अमोनियमकडे एक बाण असतो, त्यावर ‘दिवसाला ०.०५’ असं काहीतरी लिहिलेलं, आणि जिवाणूंचा विषय तिथे संपतो. काही प्रश्नांसाठी तेवढं पुरतं, आणि उगाच वाढवू नये हेही खरं. पण १९८३ मध्ये अझम आणि सहकाऱ्यांनी सूक्ष्मजीव-वलयाची (विरघळलेलं सेंद्रिय द्रव्य जिवाणू खातात आणि त्यांना खाणाऱ्यांमार्फत ते पुन्हा अन्नसाखळीत येतं, ही) कल्पना मांडल्यापासून एक गोष्ट स्पष्ट आहे: जिवाणू पोषकद्रव्यं नेहमी सोडतातच असं नाही, ते ती खातातही. कधी काय करतील हे कशावर ठरतं?

जिवाणूच्या अंगाचं कार्बन-नायट्रोजन गुणोत्तर ५ आणि वाढीची कार्यक्षमता २० टक्के धरा. म्हणजे खाल्लेल्या कार्बनचा पाचवा हिस्सा अंगी लागतो, बाकीचा श्वसनात जातो. त्याने गुणोत्तर १० असलेलं सेंद्रिय द्रव्य खाल्लं: १० कार्बन, १ नायट्रोजन. अंगी लागला २ कार्बन, त्याला हवा ०.४ नायट्रोजन. उरलेला ०.६ अमोनियम म्हणून बाहेर. आता त्याच जिवाणूला गुणोत्तर ३० असलेलं द्रव्य द्या: १० कार्बनमागे मिळाला ०.३३ नायट्रोजन, गरज तीच ०.४. कमी पडलेला ०.०७ तो पाण्यातल्या अमोनियममधून घेणार, म्हणजे त्यासाठी प्लवकांशी झटापट करणार. उंबरठा येतो ५ भागिले ०.२, म्हणजे २५. कार्यक्षमता ५० टक्के धरली की तोच उंबरठा थेट १० वर उतरतो. एका पॅरामीटरने बाणाची दिशा बदलते, म्हणून कार्यक्षमतेचा आकडा ‘चालेल कुठलाही’ म्हणून भरू नका.

रेडफिल्ड सगळीकडे चालवणं

प्लवकांतल्या कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरसचं १०६:१६:१ हे रेडफिल्ड यांच्या नावाने ओळखलं जाणारं सरासरीचं गुणोत्तर आहे, पेशीला घातलेला नियम नव्हे. उष्ण, पोषकद्रव्यं कमी असलेल्या समुद्रचक्रांत मोजलेलं गुणोत्तर १९५:२८:१ च्या जवळ जातं. थंड, समृद्ध पाण्यात ७८:१३:१ पर्यंत उतरतं. स्थिर गुणोत्तराचं मॉडेल फॉस्फेट संपताक्षणी वाढ थांबवतं. खरी पेशी आतल्या साठ्यावर आणखी काही वेळ वाढत राहते. ड्रूप यांनी १९६८ मध्ये बी-१२ जीवनसत्त्वावरच्या प्रयोगांतून नेमकं हेच मांडलं: वाढ बाहेरच्या पाण्यावर नव्हे, पेशीतल्या साठ्यावर ठरते. तुमच्या आलेखात बहर अचानक कापल्यासारखा संपत असेल तर संशय इथे घ्या. ऋतूंची सरासरीच हवी असेल तर रेडफिल्ड पुरे.

प्रकाशाची आधी सरासरी काढणं

वरच्या थरात प्रकाश ३०० एकक, खालच्यात १०, अर्धसंपृक्तता ५०. सरासरी १५५ घेऊन वाढीचा गुणक (प्रकाश ÷ (प्रकाश + ५०)) काढला तर ०.७६. दोन्ही थरांचे गुणक वेगळे काढून मग सरासरी घेतली तर ०.५१. म्हणजे जाड थराच्या मॉडेलमध्ये उत्पादन दीडपट फुगतं आणि दोष मात्र प्लवकांच्या माथी बसतो. दिवस-रात्रीच्या सरासरीतही हाच खड्डा आहे.

तापमानाबद्दल एवढंच: एप्ली यांचा १९७२ चा तापमान आणि वाढ यांचा वक्र अनेक जातींच्या कमाल वाढीवरून काढलेली वरची मर्यादा आहे. एकाच जातीला तो लावला तर ती कितीही गरम पाण्यात खुशाल वाढत राहील.

मोजमापाशी चुकीची तुलना

क्लोरोफिल म्हणजे कार्बन नव्हे. अंधुक उजेडात पेशी क्लोरोफिल वाढवते; त्यामुळे खोलीवर दिसणारा क्लोरोफिलचा फुगवटा म्हणजे तिथे प्लवक जास्त असं समजून मॉडेल त्यावर बसवू नका. १६एस जनुकांची (जिवाणूंचे गट ओळखायला वापरतात त्या जनुकाची) आकडेवारी टक्केवारीत असते, म्हणून एक गट खरोखर वाढला की बाकीचे जागेवर असूनही घटलेले दिसतात; शिवाय जनुकाच्या प्रती एका जातीत एक, तर दुसरीत दहाच्या वर असू शकतात. मॉडेलच्या मिलिमोलशी ती थेट ताडून बघण्यात अर्थ नाही.

सगळ्यात फसवी तुलना मात्र साठ्याची. वाढीचा आणि फस्त होण्याचा, दोन्ही दर दुप्पट करा. प्लवकांचा साठा तिथल्या तिथे राहतो आणि पोषकद्रव्यं दुप्पट वेगाने फिरतात. साठा हुबेहूब जुळला तरी चक्राचा वेग साफ चुकलेला असू शकतो. म्हणून निदान एक दर तरी मोजलेला हवा. विरलन प्रयोग त्यासाठी सोयीचा आहे: नमुन्यात गाळलेलं पाणी वेगवेगळ्या प्रमाणात मिसळायचं, चोवीस तास ठेवायचं, आणि पाणी जितकं पातळ तितकी खाणाऱ्या-खाल्ल्या जाणाऱ्यांची गाठ कमी पडते या तत्त्वावर वाढ आणि भक्षण वेगळं काढायचं. रेषेचा उतार भक्षणाचा दर देतो, आणि पूर्ण विरल टोकाला ती अक्षाला छेदते तो आकडा वाढीचा. जगभरच्या अशा प्रयोगांत सूक्ष्म प्राणीप्लवक रोजच्या उत्पादनाचा साधारण ६० ते ७५ टक्के भाग खातात असं दिसलं आहे. तुमच्या मॉडेलमध्ये हा वाटा २० टक्के येत असेल आणि उरलेलं सगळं तळाशी बसत असेल, तर नायट्रेटचा आलेख कितीही सुंदर जुळला असला तरी खोल समुद्रात जाणाऱ्या कार्बनचा आकडा त्या मॉडेलवरून देऊ नका.