काळ्या जमिनीवरील घर घेण्यापूर्वी तज्ज्ञाकडून तपासणी कशी करून घ्यावी

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारकडे तयार घर घेताना कागदपत्रे वकील तपासतो आणि कर्जासाठी बँकेचा मूल्यांकनकार किंमत ठरवून जातो. परंतु भिंत का तडकली आहे किंवा स्लॅबमधील सळई गंजली आहे का, हे शोधणे या दोघांचेही काम नसते. त्यासाठी स्वतंत्र तपासणी हवी आणि ती सौदा पावती होण्याआधीच व्हावी, कारण एकदा बयाणा दिला की खरेदीदाराचा हात दगडाखाली अडकतो.

प्रथम अनुभवी स्थापत्य अभियंता नेमावा. त्याला आपणच निवडावे, दलालाने सुचवलेला माणूस घेऊ नये, आणि छायाचित्रांसह लेखी अहवाल मिळेल हे आधीच ठरवून घ्यावे. तपासणी तोडफोड न करता होते, त्यामुळे जमिनीखालचे व भिंतीआडचे सारे काही ती सांगू शकत नाही. त्या वेळी स्वतः हजर राहावे.

आपल्या भागात सर्वाधिक वेळ पायासाठी द्यायला सांगावे. तापी-गिरणेच्या खोऱ्यातील काळी कपाशीची माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया या थराखाली मुरुमापर्यंत नेलेला नसेल, तर जोते दरवर्षी थोडे उचलले जाते व थोडे खचते. म्हणून अभियंता भेगेची रुंदी आणि दिशा दोन्ही पाहतो. खिडकीच्या कोपऱ्यातून निघून विटांच्या सांध्यांमधून पायरीपायरीने तिरपी उतरणारी भेग पाया हलल्याची शंका निर्माण करते, तर प्लॅस्टरवरील केसाएवढ्या जाळीदार रेषा बहुधा प्लॅस्टरपुरत्याच असतात. वरच्या मजल्यावर स्लॅबला लागून जाणारी आडवी भेग बहुतेक वेळा 45 अंशांच्या उन्हात तापून प्रसरण पावणाऱ्या स्लॅबमुळे पडते. संशय राहिल्यास मालकाच्या परवानगीने भेगेच्या टोकांवर पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी आणि काही आठवड्यांनी पुन्हा पाहावे. वैशाखात रुंद असलेली भेग श्रावणात मिटलेली दिसू शकते, हेही ध्यानात ठेवावे. नुकताच रंग दिलेल्या घरात तर जास्तच बारकाईने पाहावे.

पन्हाळीचे पाणी, बागेचे पाणी किंवा शोषखड्ड्याचे पाणी पायालगत मुरत असेल, तर चांगला पायाही त्रास देतो. घराभोवती बाहेरच्या बाजूस उतार असलेली पक्की फरशी असणे म्हणूनच महत्त्वाचे आहे.

त्यानंतर कॉलम, बीम आणि स्लॅब. हातोडीने हलके ठोकल्यावर पोकळ, भद्द आवाज आला किंवा तांबूस डाग दिसले, तर आतील सळई गंजून काँक्रीट सुटू लागले असण्याची शक्यता असते. काँक्रीटच्या मजबुतीचा अंदाज रिबाउंड हॅमरने, म्हणजे पृष्ठभागावर आदळून मिळणारी उसळी मोजणाऱ्या उपकरणाने, घेता येतो. गच्चीवर व नहाणीत 24 तास पाणी कोंडून खालच्या छताला ओल येते का हे पाहावे. विक्रेते सहसा कुरकुरतात, पण ही चाचणी सोडू नये.

विजेच्या बाबतीत अर्थिंग मोजून घ्यावे आणि विजेची गळती होताच प्रवाह तोडणाऱ्या स्विचचे चाचणी बटण दाबून पाहावे. बोअरचे पाणी प्रयोगशाळेत द्यावे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत.

अहवाल हाती आल्यावर दोषांचे दोन गट करायला सांगावे. ओल, फरशी, वायरिंग यांच्या दुरुस्तीचा खर्च लेखी घेऊन किमतीतून वजा करायला सांगता येतो. पाया हलत असेल, तर त्यावरील उपाय तज्ज्ञाने लेखी दिल्याशिवाय व्यवहार पुढे नेऊ नये. विकासकाकडून नवीन घर घेतले असल्यास, ताब्यानंतर 5 वर्षांच्या आत दाखवून दिलेला बांधकामाचा दोष त्याने 30 दिवसांत विनामूल्य दूर करावा, असे 2016 च्या रेरा (स्थावर संपदा नियमन व विकास) कायद्याचे कलम 14 सांगते. खासगी मालकाकडून जुने घर घेताना हे संरक्षण गृहीत धरू नये. तेथे जे काही ठरवायचे ते सौदा पावतीतच लिहून घ्यावे.