९७८ की १०९०? छोट्या विमानासाठी एडीएस-बी निवडताना

गेल्या महिन्यात लाँगमाँटला राहणाऱ्या एका पुणेकर मुलाने मला दोन कोटेशनं पाठवली. त्याने मित्राबरोबर अर्ध्या वाट्याने जुनं सेसना १७२ घेतलंय. आधीचा मालक डेन्व्हरपासून लांब, पूर्वेकडच्या सपाट भागातच उडायचा, म्हणून त्याने एडीएस-बी (विमान स्वतःची जागा रेडिओवरून आपणहून सांगतं ती यंत्रणा) कधी बसवलंच नाही. एक कोटेशन ९७८ मेगाहर्ट्झच्या उपकरणाचं होतं, दुसरं १०९०चं, आणि दुसऱ्याचा आकडा चांगलाच मोठा. "काकू, यातलं कुठलं घेऊ?" मी उलट विचारलं, "विमान कुठे कुठे नेणार आहेस, आणि आत्ताचा ट्रान्सपॉन्डर किती जुना आहे?" या दोन गोष्टी कळल्याशिवाय किमतीची तुलना करून काही हाती लागत नाही. कोलोरॅडोत चेरोकी नावाच्या एका छोट्या विमानाचा पाव वाटा माझा आहे आणि हे सगळं आम्ही चौघांनी केलेलं आहे. म्हणून सविस्तर लिहिते.

रडार विचारतं आणि ट्रान्सपॉन्डर उत्तर देतो, ही जुनी पद्धत. एडीएस-बीमध्ये कुणी विचारत नाही. विमान उपग्रहांवरून स्वतःची जागा काढतं आणि ती दर सेकंदाला आपणहून सांगत राहतं. माझं माहेर चिपळूणचं, त्यामुळे मला तिथला एसटी स्टँड आठवतो: कंडक्टर कुणी विचारायची वाट न बघता गावाचं नाव पुकारत उभा असतो. ऐकायचं त्याने ऐकावं.

१०९० मेगाहर्ट्झ म्हणजे गर्दीचा स्टँड. तिथे रडारला दिलेली उत्तरं, विमानांची टक्कर टाळणाऱ्या टीकॅस यंत्रणेची उत्तरं आणि एडीएस-बीचे संदेश एकाच लहरीवर असतात, आणि कुणाची पाळी ठरलेली नसते. एक संदेश ११२ बिटांचा, त्यातली ५६ बिटंच खऱ्या माहितीची, म्हणून जागा एका संदेशात, वेग दुसऱ्यात, नाव तिसऱ्यात जातं. संदेश १२० मायक्रोसेकंदांत संपतो, त्यामुळे गर्दीतही बहुतेक निभावतं. ९७८वरचं यूएटी मात्र याच कामासाठी नव्याने आखलेलं आहे. त्याच्या प्रत्येक सेकंदाचा सुरुवातीचा साधारण पाचवा हिस्सा जमिनीवरच्या केंद्रांसाठी राखून ठेवलेला असतो, जणू आधी कंट्रोल केबिनमधली घोषणा आणि मग कंडक्टरांचं पुकारणं. हवामानाची माहिती त्या राखीव वेळातच येते.

अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेने २००२ मध्ये दोन्ही ठेवायचं ठरवलं: मोठ्या विमानांना १०९०, छोट्यांना हवं तर यूएटी. अलास्कात कॅपस्टोन प्रकल्पात यूएटी आधीच वापरात होतं. स्वीडनने व्हीएचएफवरचा, काटेकोर पाळ्या लावलेला तिसरा मार्ग पुढे केला होता. त्यामागची कल्पना जहाजांची जागा सांगणाऱ्या एआयएसमध्ये चांगली रुजली, विमानांत मात्र मागे पडली. युरोप, ऑस्ट्रेलिया आणि भारत १०९०वर आहेत. म्हणजे यूएटी हा जवळजवळ अमेरिकेपुरताच पर्याय आहे, हे आधी मनात पक्कं करा.

आता निवड. यात दोन वेगळे निर्णय आहेत आणि लोक ते एकत्र करतात. 'आउट' म्हणजे तुम्ही सांगणं, 'इन' म्हणजे तुम्ही ऐकणं. कायदा फक्त आउट मागतो. १ जानेवारी २०२० पासून मोठ्या विमानतळांभोवतीच्या 'बी' आणि 'सी' हवाई क्षेत्रांत, डेन्व्हरसारख्या विमानतळाच्या ३० नॉटिकल मैलांत, आणि समुद्रसपाटीपासून १० हजार फूट आणि त्याहून वर आउट लागतं. जमिनीपासून अडीच हजार फुटांपर्यंत ही उंचीची अट नसते, आणि आमच्याकडच्या डोंगरांत ही सूट फार महत्त्वाची ठरते. १८ हजार फूट आणि त्यावर मात्र १०९०च लागतं. आमची चेरोकी तिथवर पोचतच नाही, तेव्हा त्या अटीने आमचं काही अडलं नाही.

कॅनडाला जायचा विचार असेल तर यूएटी सोडून द्या. तिकडे आवाज ऐकणारे कान उपग्रहांवर आहेत. सुमारे ७८० किलोमीटर उंचीवरच्या ६६ इरिडियम उपग्रहांवर बसवलेले रिसीव्हर फक्त १०९० ऐकतात. पोटाखालच्या एकट्या अँटेनाचा आवाज वर नीट पोचत नाही, म्हणून कॅनडा वरच्या बाजूनेही प्रसारण होईल अशी सोय मागतो. २०२३च्या ऑगस्टपासून तिथल्या उंचावरच्या 'ए' क्षेत्रात आणि २०२४च्या मेपासून त्याखालच्या 'बी' क्षेत्रात (तिथलं 'बी' अमेरिकेतल्यापेक्षा वेगळं) ही अट लागू आहे. साधं १०९० बसवलं म्हणजे कॅनडाचं काम झालं असं समजू नका, उपकरण बसवणाऱ्या शॉपला अँटेनाबद्दल स्पष्ट विचारा.

लोक सगळ्यात कमी विचार करतात तो जुन्या ट्रान्सपॉन्डरचा. यूएटी बसवलं तरी मोड-सी (उंचीही सांगणारा) ट्रान्सपॉन्डर ठेवावाच लागतो. पंखाच्या टोकाच्या दिव्याच्या जागी बसणारं स्कायबीकनसारखं उपकरण स्वस्त पडतं आणि लवकर बसतं, पण स्क्वॉक कोड (कंट्रोलरने दिलेला चार आकडी नंबर) आणि उंची ते त्याच जुन्या ट्रान्सपॉन्डरकडून टिपून घेतं. तो चाळीस वर्षांचा असेल आणि दोन वर्षांत बंद पडला, तर पैसे दोनदा जातात. १०९०चं उपकरण स्वतःच ट्रान्सपॉन्डर असतं, जुना काढून त्याच्या जागी तेच बसतं. काही यूएटी उपकरणांत स्क्वॉक वेगळा भरावा लागतो. वैमानिक एकीकडे बदलतो, दुसरीकडे विसरतो आणि कंट्रोलरपुढे एकाच विमानाचे दोन कोड येतात. म्हणून माझं मत असं: ट्रान्सपॉन्डर नवा आणि दणकट असेल, उड्डाण अमेरिकेतच असेल, तर यूएटी घ्या. ट्रान्सपॉन्डर थकलेला असेल तर १०९० घ्या, कोटेशन मोठं दिसलं तरी.

जागा सांगणारा जीपीएसही नियमात बसणारा लागतो. त्यात 'वास' (WAAS) असावं, म्हणजे चुका सुधारणारी उपग्रहांची जोड. भारतात तेच काम 'गगन' ही यंत्रणा करते. टॅब्लेटमधल्या जीपीएसवर आउट चालत नाही.

आता ऐकण्याकडे. इथे मी एकच सांगते: दोन्ही लहरी ऐकणारा रिसीव्हर घ्या, आउट कुठलंही असो. हवामान फक्त ९७८वर येतं, आणि ते फुकट असतं. जमिनीवरची केंद्रं एका लहरीवरची विमानं दुसऱ्या लहरीवर पुन्हा सांगतात, पण त्यासाठी तुम्ही केंद्राच्या टप्प्यात असावं लागतं. कोलोरॅडोतल्या लेडव्हिलचा विमानतळ ९,९३४ फुटांवर, उत्तर अमेरिकेतला सगळ्यात उंच. तिथल्या दऱ्यांत कड्यांच्या खाली उतरलं की केंद्राचा आवाज तुटतो. त्या वेळी फक्त ९७८ ऐकणाऱ्याला शेजारून जाणारं १०९०चं विमान पडद्यावर दिसत नाही. मी तिथे डोळे पडद्यावर ठेवतच नाही, बाहेर ठेवते.

हवामानाच्या चित्राबाबतही जपून. पडद्यावर 'पाच मिनिटांपूर्वीचं' असं लिहिलेलं असलं तरी खरं चित्र त्याहून १५-२० मिनिटं जुनं असू शकतं, हा इशारा अमेरिकेत अपघातांची चौकशी करणाऱ्या एनटीएसबीने २०१२ मध्ये दिला होता. वादळाला मोठा वळसा घालायला ते वापरा, दोन ढगांमधली फट शोधायला नाही.

आमच्या चेरोकीत एक चूक राहिली होती आणि ती मला अजून सलते. पडद्यावर विमानं कधी दिसायची, कधी नाही. आम्ही डोंगरांना दोष देत राहिलो. खरं कारण सेटिंगमध्ये होतं. तुमचं आउट हेही सांगत असतं की तुम्ही कुठल्या लहरीवर ऐकता. ते ऐकून केंद्र तुमच्याभोवतीच्या साधारण १५ नॉटिकल मैलांतली, साडेतीन हजार फूट वरची-खालची विमानं तुमच्यासाठी पाठवतं. बसवणाऱ्या शॉपने तिथे 'ऐकत नाही' असंच ठेवलं होतं, त्यामुळे केंद्र दुसऱ्या कुणासाठी जे पाठवायचं तेवढंच आम्हाला मिळायचं. पोर्टेबल रिसीव्हर असला तरी ही सेटिंग भरून घ्या, आणि विमान ताब्यात घेताना समोर उभं राहून बघा.

शेवटचं काम फुकट आहे, तरी लोक टाळतात. नियमाच्या हवाई क्षेत्रात निदान अर्धा तास उडा आणि एफएएच्या संकेतस्थळावरून त्या उड्डाणाचा कामगिरी अहवाल मागवा. तो ईमेलने येतो. त्यात लाल रंगात जे दिसेल ते घेऊन शॉपकडे परत जा. नेहमीची चूक म्हणजे विमानाचा २४ बिटांचा पत्ता. तो एन-नंबरवरून (विमानाच्या अमेरिकी नोंदणी क्रमांकावरून) ठरतो, आणि नंबर बदलला की पत्ताही बदलतो. एक अक्षर चुकलं तरी तुम्ही आकाशात दुसऱ्याच कुणाच्या नावाने वावरता.

त्या मुलाचा ट्रान्सपॉन्डर १९८०च्या दशकातला निघाला, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याला कॅलगरीला जायचंय. त्याने १०९० घेतलं, वरच्या अँटेनासकट, आणि दोन्ही लहरी ऐकणारा रिसीव्हर. विमान शुक्रवारी शॉपमधून सुटेल. शनिवारी सकाळी वारा वाढायच्या आत आम्ही दोघं डेन्व्हरच्या उत्तरेला अर्धा तास फेऱ्या मारून अहवाल मागवणार आहोत.