कूलर धुताना घरात क्लोरीन होतो, या चुका टाळा

होळी झाली की नागपुरात घरोघरी कूलर धुवायला निघतात. बोअरच्या पाण्याने टाकीच्या बुडाला क्षाराचा पांढरा थर बसलेला, कडेने शेवाळ. क्षार निघावा म्हणून अ‍ॅसिड आणि वास जावा म्हणून ब्लीचिंग पावडर. मागच्या एप्रिलात आमच्या वहिनींनी दोन्ही एकापाठोपाठ एक टाकीत ओतलं. मिनिटभरात डोळ्यांतून धारा लागल्या, घसा आवळला, पुढे दोन दिवस खोकला. त्यांना वाटलं, अ‍ॅसिडच जास्त कडक निघालं. खरं तर टाकीत क्लोरीन तयार झाला होता.

हाच वायू पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मन सैन्याने ५,००० हून जास्त सिलिंडरांतून वाऱ्यावर सोडला. आज तोच पीव्हीसी पाइपचं प्लास्टिक बनवायला लागतो आणि नळाचं पाणी निर्जंतुक करायलाही वापरतात. शत्रूसाठी बनवला काय नि चुकून बनला काय, फुफ्फुसाला तो सारखाच.

पहिली चूक उघड आहे: दोन्ही एकत्र करणं. संडास धुण्याच्या बहुतेक निळ्या लिक्विडमध्येही अ‍ॅसिडच असतं, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. आज अ‍ॅसिड वापरलं तर टाकी भरपूर पाण्याने तीनदा धुवा आणि ब्लीचिंग दुसऱ्या दिवशी टाका. खरं सांगायचं तर क्षारासाठी लिंबूसत्त्व किंवा व्हिनेगर पुरतं, पण तेही अ‍ॅसिडच. ब्लीचिंगशी त्याचीही गाठ पडू देऊ नका.

दुसरी चूक मला सगळ्यात जास्त भीतीची वाटते. वास कोंडला म्हणून लोक कूलरचा पंखा लावतात. खिडकीतला कूलर हवा बाहेरून ओढतो आणि घरात फेकतो. म्हणजे टाकीतला सगळा वायू सरळ झोपायच्या खोलीत. बटणाला हात लावू नका. दारं-खिडक्या उघडा, घरातल्या सगळ्यांना घेऊन बाहेर पडा.

तिसरी चूक खाली बसण्याची. आगीच्या धुरात वाकून चाला असं शिकवतात, ते इथे उलटं पडतं. क्लोरीन हवेच्या अडीच पट जड, म्हणून जमिनीलगत साचतो. ईप्रच्या खंदकात जे आडवे झाले त्यांना जास्त बाधला, उंचावर उभे राहिले त्यांना कमी. संडासात उकिडवं बसून फरशी घासणारा माणूस त्या खंदकातच असतो. उभे राहा, गच्चीकडे किंवा मोकळ्या अंगणात जा. लेकरांना कडेवर घ्या, त्यांचं नाक जमिनीच्या जवळ असतं.

वास कमी झाला म्हणून बादली उचलायला परत आत जाऊ नका. नाकाला वासाची सवय होते, वायू तिथेच असतो.

बाहेर आल्यावर डोळे साध्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा, कपडे बदला. दूध पाजणं, उलटी करवणं यांचा उपयोग नाही, कारण विष पोटात नसून श्वासात गेलेलं आहे. धाप लागली, छातीत घरघर झाली तर लगेच १०८ ला फोन करा. आणि बरं वाटलं तरी त्या रात्री माणसाला एकटं झोपू देऊ नका: फुफ्फुसात पाणी भरायला कधीकधी काही तास लागतात. दम्याच्या पेशंटला मात्र वाट न बघता दवाखान्यात न्या आणि डॉक्टरांना दोन्ही डब्यांवरची नावं सांगा.