मिरगाआधी पिकअपचे जादा दिवे: फ्युज बॅटरीपाशीच हवा

मिरग तोंडावर आलाय. मोरडीवर, म्हणजे डोंगरउताराच्या पावसाळी शेतात, भेंडी, काकडी, चिबूड, दोडकी लावणारे आपण सगळे आत्तापासूनच चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) बाजाराचा हिशेब मांडतो. तो बाजार गाठायचा तर पहाटे साडेतीनला पिकअप अंगणातून बाहेर पडली पाहिजे. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या वळणावळणाच्या वाटा, वर पावसाची झड आणि समोर रस्ता कुठे संपतो नि गटार कुठे सुरू होते तेच कळत नाही. म्हणून मे संपता संपता पुढच्या जाळीमागे जादा एलईडी दिवे बसवून घ्यायची घाई उडते. दिवे जरूर बसवा. पण बॅटरीपाशी फ्युज नसेल तर ते दिवे गाडीत नकोत.

दोन वर्षांपूर्वी चवथ दोन दिवसांवर असताना आमच्या शेजारच्या वाड्यावरची पिकअप साखळी शहराच्या अलीकडे काळोखात उभी राहिली. मला फोन आला म्हणून मी गेलो. बॉनेट उघडले तर जळक्या प्लॅस्टिकचा वास अजून कोंडलेला होता. नव्या दिव्यांची तांबडी वायर थेट बॅटरीच्या नटाखाली आवळलेली. पुढे ती जाळीमागच्या पत्र्याच्या धारेवरून नेली होती आणि तिथेच, नखाएवढ्या जागेत, वरचे आवरण घासून तांबे पत्र्याला टेकले होते. तिथपासून बॅटरीपर्यंतची सगळी वायर गुळाच्या पाकासारखी वितळून शेजारच्या हेडलाइटच्या वायरिंगला चिकटली होती. नवे दिवे गेले आणि कंपनीचे मूळ दिवेही गेले. ताडपत्रीखाली बावीस क्रेट भेंडी आणि काकडी होती. दुसरा टेम्पो मिळून माल बाजारात पोचेपर्यंत अकरा वाजले. भेंडी घामेजून काळी पडली होती आणि माटोळीचे (गणपतीवर टांगायच्या फळाभाज्यांचे) गिऱ्हाईक केव्हाच घरी गेले होते. तीन महिन्यांची मेहनत त्या एका सकाळी गेली. त्यानंतर आणखी दोन गाड्या मी अशाच पाहिल्या. दोन्हीत फ्युज नव्हता.

फ्युज दिव्याला वाचवण्यासाठी नसतो, तो वायरीला वाचवतो. बॅटरी 12 व्होल्टची असली तरी वायर पत्र्याला टेकली की ती शेकडो अँपिअर एका दमात ओकते आणि वायर शेगडीच्या तारेसारखी लाल होते. फ्युज असेल तर तो आधी उडतो आणि पुढचे सगळे तिथेच थांबते. म्हणूनच तो बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात पाहिजे. पुष्कळ मेकॅनिक तो केबिनमध्ये स्विचजवळ लावतात, "बदलायला सोपा" म्हणून. मग बॅटरी ते केबिन एवढी सगळी वायर उघडीच राहते, आणि घासते ती नेमकी तिथेच.

किती अँपिअरचा लावायचा ते वॅटवरून काढा. 36 वॅटचे दोन दिवे म्हणजे 72 वॅट, भागिले 12, म्हणजे 6 अँपिअर. त्याला 10 चा फ्युज. दिव्यांकडे जाणारी वायर तांब्याची, 2.5 चौरस मिलिमीटर. स्विचची वायर 1 ची पुरते. फ्युज वारंवार उडतो म्हणून 30 चा ठोकणारे मी पाहिलेत. तो फ्युज नसल्यातच जमा. उडतोय म्हणजे कुठेतरी वायर टेकतेय, ती जागा शोधा.

रिलेही हवाच, म्हणजे स्विचच्या थोड्या करंटवर दिव्यांचा मोठा करंट चालू-बंद करणारी डबी. दिव्यांचा भार स्विचवरून किंवा हेडलाइटच्या वायरीला पिळ मारून घेऊ नका. रिलेच्या टोकांवरच्या आकड्यांप्रमाणे जोडणी अशी:

30: फ्युजमधून येणारी वायर
87: दिव्यांकडे
86: केबिनमधला स्विच
85: अर्थिंग, गाडीच्या पत्र्याला

अर्थिंगचा बोल्ट रंगावर आवळला तर पहिल्या पावसातच दिवे लुकलुकतात. रंग खरवडून पत्रा चकचकीत करा, बोल्ट आवळा आणि वरून ग्रीस फासा. कामाला हात घालण्याआधी बॅटरीचे ऋण टोक सोडवायचे आणि ते जोडायचे सगळ्यात शेवटी.

दिवे जाळीच्या प्लॅस्टिकला टांगू नका, मागच्या लोखंडी पट्टीला बसवा. रेडिएटरच्या अंगाला टेकवू नका. मी तीन बोटे जागा सोडतो. मापाचे पुस्तक माझ्याकडे नाही, पण तेवढी हवा खेळली की चढावर इंजीन तापत नाही, असा माझा अनुभव आहे. भोक पाडताना ड्रिलच्या मागे फळी धरा, एक घसरण आणि रेडिएटर फुटलाच. पत्र्याच्या प्रत्येक धारेवर वायरीला नालीदार नळी घाला आणि भोकात रबरी बुच बसवा. वायर दिव्यात शिरण्याआधी खाली झोका देऊन मग वर न्या, म्हणजे पाणी झोक्याच्या टोकाला ठिबकते, दिव्यात शिरत नाही.

दुकानात गेलात की पंधरा-वीस हजारांची दिव्यांची लांबलचक पट्टी पुढे करतील. डब्यावर 180 वॅट छापलेले असते. किती अँपिअर ओढते ते मोजून दाखवा म्हणावे. 180 वॅट खरे असतील तर 15 अँपिअर भरायला हवेत. एका दुकानात मी मोजायला लावले तेव्हा 3 अँपिअरसुद्धा भरले नाहीत. महाग कीटकनाशकासारखेच हे, डबा बघून पैसे मोजायचे नाहीत. आयपी67 लिहिलेली दिव्यांची साधी जोडी पुरे, म्हणजे धूळ बंद आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकणारी. उरलेल्या पैशातून फ्युज, होल्डर, रिले आणि चांगली वायर घ्या. दुकानदार ते आपणहून दाखवत नाही, कारण त्यात त्याला काही सुटत नाही.

रंग पिवळसर घ्या. निळसर पांढरा उजेड झडीत समोर भिंत उभी करतो. चोर्ला घाटाच्या धुक्यात मी दोन्ही वापरून पाहिलेत, पिवळ्यात रस्त्याची कड लवकर दिसते.

कायद्याचेही सांगतो. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम 106 आहे. झोत असा खाली वळलेला हवा की 8 मीटरवर, 1.5 मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवणार नाही. नियम 111 प्रमाणे पुढे सर्चलाइट बसवायला परवानगी लागते. आधी वाहतूक कार्यालयात विचारून घ्या. गाडी भिंतीसमोर 8 मीटरवर उभी करून झोत छातीच्या खाली पडतो का बघा, तोही माल भरून. मागे वजन आले की नाक वर होते. समोरून दुचाकी येताना जादा दिवे बंदच.

पावसात शेतातले उंदीर उबेला बॉनेटखाली येतात आणि वायर कुरतडतात. मी तंबाखूची पाने फडक्यात बांधून ठेवतो. शास्त्राचा आधार नाही, पण माझ्या गाडीत चालते. कुरतडलेली वायर पत्र्याला टेकली तर गाडी वाचवतो तो पुन्हा फ्युजच.

मिरगाआधीची शेतातली बाकीची कामे:

भात बियाणे: 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ, तरंगणारे बी काढा, दोनदा धुवा, सावलीत सुकवा
सुपारी: 1 टक्का बोर्डो (बुरशीनाशक), म्हणजे मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 100 लिटर, पावसाआधी, मग 40-45 दिवसांनी
नारळ: बुंध्याभोवती आळी करणे, शेंड्याची सफाई
काजू: बुंध्याजवळचे गवत काढणे
मोरड: चर, मांडवाच्या काठ्या

पहिला जोराचा पाऊस झाला की त्याच रात्री दिवे दहा मिनिटे चालू ठेवा, मग बंद करून बॉनेट उघडा. फ्युजच्या होल्डरला बोट लावा. कोमट असेल तर चालेल. चटका बसला तर जोड सैल आहे किंवा वायर बारीक आहे; माल भरण्याआधी ते काम परत करून घ्या आणि 10 चे दोन जादा फ्युज डॅशबोर्डच्या खणात टाकून ठेवा.